कंबरेचे दोन मणके जोडून घेतले, त्याचा अकरा महिन्यांचा हिशेब

आडाळ्यावर, म्हणजे नारळ खवायच्या आमच्या विळीवर, बसून मी वीस नारळ सलग खवायचे. एक पाय पसरून, पुढे वाकून, तासभर. कंबर हूं की चूं करायची नाही. आणि तीच मी संध्याकाळी पिशवी घेऊन मासे बघायला जेटीकडे निघाले, की तिसऱ्या-चौथ्या दुकानाशी पाय जड व्हायचे. ढुंगणापासून पोटरीपर्यंत मुंग्या, मग जळजळ, मग पाय आपला नाहीच. कुणाच्या तरी पडवीच्या कट्ट्यावर टेकले की दोन मिनिटांत सगळं गायब. उठायचं, पुन्हा पन्नास पावलं. मालवणच्या बाजारपेठेतले बसण्याजोगे कट्टे मला पाठ झाले होते. "काकी, दमलंस काय?" असं कुणी विचारलं की "होय रे, वय झाला" म्हणून वेळ मारून न्यायचे. वय तेव्हा सत्तावन्न.

आमची खानावळ आहे. ऑपरेशन होऊन आल्यापासून जेवायला येणारा प्रत्येक तिसरा माणूस ताट यायच्या आधी विचारतो, "काकी, खंय केलंत? किती घेतल्यानी? आमच्या आवशीक नेव काय?" सोलकढी वाढता वाढता इतकं सांगून होत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते आहे. हॉस्पिटलचं नाव घालत नाही. घाट चढून गेल्यावरच्या शहरातलं आहे, खाजगी आहे, एवढं पुरे.

आधीची दोन वर्षं थोडक्यात उरकते, कारण ती सगळ्यांची सारखीच असतात. तेल चोळून झालं, एका वैद्यांचे काढे झाले, कंबरपट्टा झाला, गावातल्या फिजिओथेरपिस्ट मुलीकडे तीन महिने व्यायाम झाले. ती मुलगी प्रामाणिक होती, तिनंच सांगितलं की काकी, यापुढे मी नाही, एमआरआय करा. मग पाठीत मणक्याच्या आत इंजेक्शन घेतलं. त्यानं तीन आठवडे मी हरणासारखी पळाले आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा कट्ट्यावर.

सर्जन पहिल्या भेटीतच आवडले. एमआरआयचं पाकीट त्यांनी उघडलंच नाही आधी. विचारलं, पायऱ्या चढताना जास्त दुखतं की उतरताना? मी म्हटलं, उतरताना. आमच्या घरामागे जांभ्याच्या सतरा पायऱ्या आहेत, चढायला काही नाही, उतरताना भिंतीला धरावं लागतं. मग विचारलं, सायकल चालवता? म्हटलं, सायकलवर जेटीला जाऊन येते, तेव्हा काही होत नाही, पण लोक हसतात म्हणून बंद केली. ते म्हणाले, निदान तुम्हीच केलंत. पुढे वाकलं की मणक्यातली नळी थोडी मोकळी होते, ताठ उभं राहिलं की आवळते. म्हणून आडाळ्यावर बरं आणि बाजारात हाल. दोन वर्षं मी जी गोष्ट "विचित्रच बाई" म्हणून कुणाला सांगत नव्हते, तीच मुख्य गोष्ट निघाली.

मग उभं राहून, पुढे वाकून आणि मागे झुकून असे वेगवेगळे एक्स-रे काढायला लावले. झोपून काढलेल्या एमआरआयमध्ये नळी आवळलेली दिसत होती. या एक्स-रेंत चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकलेला दिसला, आणि वाकले की आणखी सरकत होता. कंबरेत पाच मणके. त्यातले चौथा आणि पाचवा, ते एल४-एल५ म्हणतात. झिजेमुळे मणका सरकतो तो बहुतेक इथंच, आणि पन्नाशीनंतरच्या बायकांत जास्त. शास्त्रीय नाव लांबलचक आहे, स्पॉन्डिलोलिस्थेसिस. पाव भागापेक्षा कमी सरकला तर पहिली पायरी. माझा पहिल्या पायरीवर होता.

हे घरी समजावताना मी गडगा दाखवला. आमच्या कुंपणाचा गडगा नुसत्या रचलेल्या चिऱ्यांचा आहे, मध्ये काही नाही. पावसानं खालची माती गेली की एखादा चिरा पुढे येतो. तो पुढे आला की मागची फट चेपते, आणि माझ्या बाबतीत त्या फटीतून पायांच्या शिरा जातात.

आता मुख्य प्रश्न. फट मोकळी करायची एवढंच, की चिरेही जोडायचे? सर्जन म्हणाले दोन्ही. आमचा भाचा पुण्याला औषधांच्या कंपनीत आहे, तो हटून बसला की दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करायची नाही. म्हणून गोव्याला एकांना दाखवलं. त्यांनी आधी लघवी अडते का, बसायच्या जागी बधिरपणा येतो का, ते विचारलं. तसं झालं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मग म्हणाले, नुसती नळी मोकळी केली तरी चालेल असं मला वाटतं.

घरी आल्यावर भाच्यानं शोधाशोध केली आणि रात्री फोनवर वाचून दाखवलं. २०१६ साली स्वीडनमधल्या डॉक्टरांनी २४७ पेशंटांचा अभ्यास छापला: काहींची नुसती नळी मोकळी केली, काहींचे मणके जोडलेही. दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनी बघितलं तर जोडलेल्यांचं काही जास्त बरं नव्हतं. मणका सरकलेला असला तरी नव्हतं. उलट ऑपरेशन लांबलं, रक्त जास्त गेलं, खर्च जास्त झाला. नॉर्वेत २०२१ साली २६७ पेशंटांत तसंच दिसलं. पण गंमत अशी की स्वीडनचा अभ्यास ज्या अंकात आला, त्याच अंकात अमेरिकेतल्या ६६ पेशंटांचा अभ्यासही होता, आणि त्यात जोडलेल्यांना थोडा जास्त फायदा झाला होता, पुन्हा ऑपरेशन करावं लागलेलेही त्यांच्यात कमी होते. नवरा म्हणाला, "म्हणजे डॉक्टरांकाच म्हायत नाय." मी म्हटलं, माहीत आहे, पण सगळ्यांना एकच उत्तर नाही एवढंच.

हे सगळं कागदावर लिहून मी पहिल्या सर्जनकडे परत गेले. मला वाटलं होतं रागावतील. रागावले नाहीत. म्हणाले, अभ्यास बरोबर आहेत, आणि तुमचा मणका स्थिर असता तर मीही नुसती नळीच मोकळी केली असती. मग वाकलेला आणि झुकलेला असे दोन एक्स-रे एकावर एक धरून काचेच्या दिव्यासमोर लावले. चिरा हलताना मला माझ्या डोळ्यांनी दिसला. "नळी मोकळी करताना मागचं थोडं हाड काढावं लागतं. आधीच हलणाऱ्याचा आधार आणखी कमी होईल." वर एक वाक्य बोलले, ते सही करण्याआधी प्रत्येकानं ऐकावं म्हणून लिहिते: "पाय चालू देत नाहीत, त्याच्यासाठी हे ऑपरेशन. कंबर दुखते त्याच्यासाठी नाही. कंबरेचं निम्मं गेलं तर नशीब समजा." माझं नव्वद टक्के दुखणं पायात होतं, म्हणून मी सही केली. आमच्या शेजारणीची नुसती कंबर दुखते, पाय ठणठणीत आहेत. तिनं माझं बघून धावू नये, हे मी तिला तोंडावर सांगितलं आहे. नुसत्या कंबरदुखीसाठी मणके जोडण्याबद्दल तर डॉक्टरांतच केवढे वाद आहेत.

इथवर सगळं छान. आता मशेरी.

भरतीच्या आधीच्या तपासणीला एका मुलीनं फॉर्म भरून घेतला. मधुमेह? नाही. ब्लडप्रेशर? गोळी आहे. धूम्रपान? नाही. मद्यपान? तिनं न विचारताच नाही लिहिलं. सही. बाहेर येऊन बाकावर बसले, आणि भिंतीवर पोस्टर: तंबाखूमुळे हाड जुळून यायला अडथळा होतो, ऑपरेशन फसू शकतं. मी गेली पस्तीस वर्षं सकाळ-संध्याकाळ मशेरी लावते. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची, डबीत भरायची. आमच्या आवशीनं लावली, सासूनं लावली. विडी ओढणारी बाई मी अख्ख्या वाडीत बघितली नाही, पण मशेरी न लावणारीही माझ्या वयाची फार नाही. आणि फॉर्मात विचारलं होतं, धूम्रपान.

उठून परत आत गेले. त्या मुलीला म्हटलं, बाय, मी मशेरी लावते. ती म्हणाली, ती सिगरेट नाही ना, मग चालतं. मी म्हटलं, सरांना विचार. सरांनी विचारलं, आणि ऑपरेशन दीड महिना पुढे ढकललं. तंबाखू कुठल्याही वाटेनं गेली तरी निकोटिन रक्तातच जातं, दाताला चोळलं म्हणून हाडाला कळत नाही असं नाही. त्या दीड महिन्यात मी घरात कुणाशी धड बोलले नाही. तोंडात सारखी लवंग. पहिला आठवडा डोकं असं दुखायचं की कंबर विसरले. पण माझा राग मशेरीवर नाही, त्या फॉर्मवर आहे. सिंधुदुर्गातून, रत्नागिरीतून बायका येतात तिथं. त्यांना मशेरी लावता का हे विचारायला काय इंग्रजी लागतं? मी पोस्टर वाचलं म्हणून. ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय होत असेल, ते हाड जुळल्या-न जुळल्यावरच कळत असणार.

दिवाळी झाल्यावर ऑपरेशन झालं. साडेतीन तास. मला त्यातलं काहीच ठाऊक नाही, जे सांगितलं ते असं: पाठीवर मधोमध वितीपेक्षा लहान चीर, नळीवरचं हाड आणि जाड झालेला पडदा काढला, झिजलेली गादी काढली, तिच्या जागी शेंगदाण्याच्या शेंगेएवढा एक पिंजरा बसवला, त्याला केजच म्हणतात, आणि माझंच काढलेलं हाड चुरून त्यात नि आजूबाजूला भरलं. वरच्या आणि खालच्या मणक्यात दोन-दोन असे चार टायटॅनियमचे स्क्रू, त्यांना जोडणाऱ्या दोन सळ्या. सगळ्यांना वाटतं की स्क्रूनं मणके जोडले. तसं नाही. स्क्रू आणि सळ्या म्हणजे सेंटरिंग. स्लॅब धरायचा आहे तो हाडानं, आणि त्याला सहा महिने ते वर्ष लागतं. फरक एवढाच की हे सेंटरिंग नंतर कुणी काढत नाही. हाड धरलंच नाही तर सेंटरिंगवर किती दिवस घर उभं राहणार, स्क्रू हळूहळू ढिले होतात. भाचा सांगत होता की १९११ साली न्यूयॉर्कमध्ये हिब्स आणि अल्बी या दोन सर्जननी, वेगवेगळं काम करत, पहिल्यांदा असे मणके जोडले, ते क्षयानं पोखरलेल्या पाठींसाठी. तेव्हा स्क्रू नव्हते. हाडाच्या भरवशावर पडून राहायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन सिस्टरांनी मला ओंडक्यासारखं कुशीवर वळवलं, पाय खाली सोडले आणि उभं केलं. पाठीत सुरी फिरत होती. पण पाय! पाय माझे होते. वॉकर धरून वॉर्डच्या दारापर्यंत गेले, सिस्टर म्हणाली बसा आता, मी म्हटलं थांब जरा, मला बघू दे मुंग्या येतात का. आल्या नाहीत. दोन वर्षांत पहिल्यांदा मी बसायची जागा न शोधता उभी होते. सर्जनला पैकीच्या पैकी गुण त्या दाराशी दिले. नर्सिंगही उत्तम. रात्रीच्या एका सिस्टरनं गोळ्यांमुळे पोट साफ होत नाही हे न विचारता ओळखलं. ऑपरेशनच्या दुखण्याइतकाच तो त्रास असतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

बिल. आधी अंदाज दिला होता दोन लाख नव्वद हजार, झाले तीन लाख बासष्ट. वाढले ते बहुतेक इम्प्लांटमध्ये. स्क्रू कुठल्या कंपनीचे, किती किमतीचे, हे ऑपरेशनच्या आधी लेखी मागून घ्या. नंतर मागितलं की काउंटरवरचा माणूस आपण मासळीचा भाव करतोय असा चेहरा करतो. प्रत्येक स्क्रूच्या पाकिटावर नंबराचं स्टिकर असतं, ते आपल्या फाइलला लावून घ्यायचं. माझ्या फाइलला नव्हतं. तीन फोन आणि झिलाची, म्हणजे मुलाची, एक खेप, तेव्हा मिळालं. विम्यानं हातमोजे, कापूस, असलं सगळं कापून अडीच लाख दिले.

पाचव्या दिवशी सोडलं आणि खरी परीक्षा सुरू झाली. घर जवळजवळ दीडशे किलोमीटर, मध्ये फोंडा घाट. डिस्चार्ज देताना सांगितलं, "प्रवास जपून करा." जपून म्हणजे कसं? झिलानं पुढची सीट मागे पाडली, मानेखाली आणि गुडघ्यांखाली उशा. पाऊण तासाला गाडी थांबवून मला उतरवून दहा पावलं चालवायची, ही युक्ती गावच्या फिजिओ मुलीनं फोनवर सांगितली, हॉस्पिटलनं नाही. राधानगरीच्या जंगलात रस्त्याकडेला पट्टा बांधलेली मी आणि मला धरलेला झिल, ट्रकवाले वेग कमी करून बघत होते. घाटातल्या वळणांपेक्षा खड्डे वाईट. प्रत्येक खड्ड्याला मी आधी ओरडायचे आणि मग तो यायचा.

घरी आल्यावर त्यांनी दिलेला सूचनांचा कागद नीट वाचला. सुंदर गुळगुळीत कागद, चित्रांसकट. चित्रात एक गोरीपान बाई सोफ्यावर कशी बसावी, कमोडवर कशी बसावी, गाडीत कशी बसावी ते दाखवत होती. तीन महिने वाकायचं नाही, पिळायचं नाही, जड उचलायचं नाही. जड म्हणजे किती? दोन-तीन किलो. ठीक. पण माझ्या घरात बसायचं ते पाटावर, नारळ खवायचा तो जमिनीवर, मासे कापायचे ते जमिनीवर, संडास भारतीय, पाणी विहिरीचं. ऑपरेशनच्या आधी मला विचारलं असतं की बाई, तुमचा दिवस कसा जातो, तर त्या दीड महिन्यात निम्म्या गोष्टी करून ठेवल्या असत्या. पहिल्या संध्याकाळी मी न्हाणीघराच्या दारात उभी आणि नवरा प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध करवतीनं भोक पाडतोय, हे दृश्य त्या गुळगुळीत कागदावर छापायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मेडिकलवाल्याकडून कमोडची खुर्ची आली. पहिली रात्र भोकावर निघाली.

पट्ट्याबद्दल एवढंच की तो घाटावर बसून शोधलेला आहे. मालवणच्या दमट हवेत दोन तासांत आत घामोळं. आत मलमलचा जुना झंपर घालायचा आणि दुपारी एकदा बदलायचा, मग जमतं.

पहिले तीन आठवडे कंबर ऑपरेशनआधी होती त्यापेक्षा जास्त दुखली. तेव्हा वाटलं फसलो. कुणीतरी आधी सांगायला हवं होतं की हे होणारच. सहाव्या आठवड्यात एक्स-रे, तिसऱ्या महिन्यात पुन्हा, सहाव्यात पुन्हा. सहाव्या महिन्यातल्या फोटोत पिंजऱ्याच्या बाजूनं धुक्यासारखं पांढरं दिसलं. सर म्हणाले, हाड धरतंय. मला ते पहिल्या पावसानंतर गडग्यावर हिरवं येतं तसं दिसलं.

डिसेंबर ते मार्च, पर्यटकांचा सगळा हंगाम, मी खाटेवरून सून कशी आमटी करते ते नाकानं ओळखत होते. तिरफळं जास्त पडायची. बोलले नाही.

आज अकरा महिने. घरापासून जेटीपर्यंत आणि परत, न बसता. मासे घासाघीस करून घेते, त्या वेळी उभी असते. एका पायाच्या अंगठ्याशी थोडं बधिर आहे, ते जाणार नाही बहुतेक. कंबर सकाळी धरते, पावसाळी हवेत जास्त. वाकून मोजे घालायचे असते तर जमले नसते, पण मालवणात मोजे कोण घालतं. यंदा लावणीला शेतात उतरले नाही, बांधावर उभं राहून शिव्या घातल्या. जोडलेल्या मणक्यांच्या वरचा मणका आता जास्त काम करतो आणि पुढे कधीतरी तोही झिजू शकतो, हे सरांनी आधीच सांगून ठेवलं आहे, लपवलं नाही.

आडाळो मात्र जमिनीवरून उठवावा लागला. सुताराकडून त्याला चार फळ्यांची पेटी करून घेतली आणि ओट्याच्या टोकाला बोल्ट मारून बसवला. आता ताठ उभी राहून खवते. वीस नाही, आठ. पहिले दिवस खोबरं लाद्यांवर उडायचं, कारण हाताला पायाचा दाब नाही. सवयीनं जमलं.

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलचा मेसेज आला: आमची शिफारस कराल का, ० ते १० मध्ये सांगा. मी ८ दाबला. खाली सूचनेसाठी छोटी चौकट होती, एकशेसाठ अक्षरांची. मराठीत लिहिलं, "फॉर्मात मशेरी घाला." धन्यवाद म्हणून उत्तर आलं, यंत्राचं. पुढच्या महिन्यात वर्षाचा एक्स-रे आहे. फॉर्म पुन्हा भरून घेतीलच, तेव्हा बघेन.